कंट्रोलरभाऊंचा गोटा

हेलिकॉप्टरला ‘गाडी’ म्हटलेलं कंट्रोलरभाऊंना खपायचं नाही. “गाडी केव्हा येणार?” असं कोणी विचारलं की ऐकूच न आल्यासारखे ते आभाळाकडं बघत राहायचे. पुन्हा विचारलं तर म्हणायचे, “गाडी रस्त्यानं येते. हे इमान हाये. इमान म्हना, मंग सांगतो.”

मी तेव्हा तिथल्या आरोग्य उपकेंद्रात नुकतीच नर्स म्हणून रुजू झाले होते. चंद्रपूरची पोर, जिभेला हाड नाही. मी म्हटलं, “भाऊ, ते विमानही नाही. त्याला हेलिकॉप्टर म्हणतात.” त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि शांतपणे सांगितलं की बाई, तुम्ही सुया टोचा, इकडचं आम्ही बघतो. पुढं कितीतरी महिने मला वाटत होतं, म्हातारा तऱ्हेवाईक आहे, एकेकाला एकेक खूळ असतं. त्या खुळामागं काय होतं ते कळलं तेव्हा मीही हेलिकॉप्टरला विमान म्हणायला लागले.

आमचं गाव भामरागडच्या अलीकडं, नदीच्या काठावर. उन्हाळ्यात ही नदी इतकी गरीब की बकऱ्या चालत पलीकडं जायच्या. पाऊस लागला की तिचं डोकं फिरायचं, आणि पलीकडची माडिया आदिवासींची गावं एकेक करून बेटं व्हायची. इकडून नदी, तिकडून नाले, मध्ये जंगल. समुद्रातल्या बेटावरच्या माणसाला निदान माहीत असतं की आपण बेटावर राहतो. ही बेटं फक्त चार महिन्यांची, दसऱ्यापर्यंत पुन्हा जमीन. तेवढ्या दिवसांत कोणी अडलं, कोणाला साप चावला, कोणाचा ताप डोक्यात गेला, तर आभाळाखेरीज दुसरी वाट नव्हती. म्हणून आभाळ जरा उघडलं की हेलिकॉप्टर यायचं. औषधं टाकायचं, आजारी माणूस उचलायचं आणि परत जाताना जागा असली तर बरा झालेला माणूस त्याच्या बेटावर नेऊन सोडायचं.

विमानतळ म्हणावं असं तिथं काही नव्हतं. गावाबाहेर मुरमाचं सपाट मैदान, त्यावर चुन्यानं काढलेलं गोल रिंगण, वारा कळावा म्हणून बांबूला बांधलेलं लाल फडकं आणि तट्ट्यांची एक शेड. चारी बाजूंना बंदूकवाले जवान. आणि या सगळ्याच्या मधोमध कंट्रोलरभाऊ, गळ्यात काळ्या गोफाची शिट्टी, अंगात विटलेली खाकी, पायात प्लास्टिकचे बूट. त्यांना तिथं कोणी नेमलं नव्हतं, त्यामुळं कोणाला काढताही येत नव्हतं. जवानांनी सुरुवातीला हटकून बघितलं, मग त्यांच्या लक्षात आलं की हा म्हातारा असला की गर्दी आवरावी लागत नाही, ढोरं रिंगणात येत नाहीत आणि चहाही मिळतो.

नोकरीभर ते चामोर्शीच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. लाल गाड्या लावायच्या, सोडायच्या, भोंग्यावरून पुकारायच्या. रिटायर झाल्यावर सामान बांधून या टोकाच्या गावी आले आणि मैदानाचं त्यांनी स्टँड करून टाकलं. तोंडाला दोन्ही हातांचा भोंगा लावून ते पुकारायचे, “प्रवाशांनी लक्ष द्यावं. चंद्रपूरकडून येनारं इमान ढगामुळं उशिरानं येऊन राह्यलं.” ऐकायला कोण, तर एक बाळंतीण, तिची सासू, मी आणि दोन कुत्री. तरी तीन वेळा पुकारायचेच. बायकांना पदर कमरेला सुतळीनं बांधायला लावायचे, पुरुषांचे दुपट्टे पिशवीत कोंबायचे आणि चढण्याआधी प्रत्येकाला, साहेब असो की कोणी असो, विचारायचे, “लघवी करून आले का?” एकदा एक मोठे अधिकारी आले होते. त्यांनाही विचारलं. साहेब लाल झाले, पण जाऊन आले.

गोट्यांची रीत त्यांनीच पाडली. गोटा म्हणजे आमच्याकडं दगड. झालं असं की त्यांच्या पहिल्याच पावसाळ्यात एका पुढाऱ्याच्या माणसानं, हेलिकॉप्टर टेकतं न टेकतं तोच धावत जाऊन उघड्या दारातून आत रुमाल टाकला. जागा धरायला! बसच्या खिडकीतून टाकतात तसा. वरचं पातं अजून फिरत होतं. वाऱ्यानं रुमाल उडाला आणि पात्याखालून गरगरत जाऊन एका जवानाच्या तोंडावर बसला. पायलट साहेब खाली उतरून जे काही बोलले ते हिंदीत होतं आणि लिहिण्यासारखं नव्हतं. कंट्रोलरभाऊ मात्र त्या माणसाला बोलले नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी मला म्हणाले की त्याचं चुकलं नाही, आपल्याकडं जागा धरायची रीतच ती आहे. माणूस जागेवर नसला तरी त्याचं काहीतरी जागेवर पाहिजे, त्याशिवाय त्याच्या जिवाला चैन पडत नाही. फक्त रुमाल इथं चालणार नाही, उडणार नाही असं काहीतरी पाहिजे.

तेव्हापासून शेडपासून रिंगणाच्या दोरीपर्यंत गोट्यांची ओळ लागायला लागली. ज्याला जायचं त्यानं नदीतून आपला गोटा उचलून आणायचा, ओळीत ठेवायचा आणि खुशाल घरी जाऊन झोपायचं. आजारी माणसाला आणि अडलेल्या बाईला गोटा लागत नसे, ती थेट पुढं. बाकी मग तलाठी असो की ठेकेदार, गोट्याच्या मागं गोटा. लोक गोट्यांवरून भांडले नाहीत असं नाही, पण कोणी दुसऱ्याचा गोटा हलवला असं मी एकदाही बघितलं नाही.

अडचण आली ती माडिया लोकांची. एक म्हातारी सुनेच्या बाळंतपणाला आली होती, तिला परत जायचं होतं. कंट्रोलरभाऊंनी तिला खुणेनं गोटा आणायला सांगितलं, तर ती जागची हलेना. मग एका जवानानं तिचं बोलणं आम्हाला समजावलं. तिच्या गावात माणूस मेला की त्याच्या नावानं गावाबाहेर दगड उभा करतात. जित्या माणसाच्या नावानं दगड ठेवायचा नसतो. ती म्हणत होती, मी म्हातारी आहे खरी, पण अजून मेलेली नाही. एवढं बोलून तिनं खांद्यावरचा वाळल्या भोपळ्याचा पाण्याचा तुंबा उतरवला आणि ओळीत ठेवून दिला. कंट्रोलरभाऊंनी तिथल्या तिथं नियम बदलला. पलीकडच्या लोकांना तुंबा चालेल, असं तीन वेळा पुकारलं. म्हातारीनं मग ओळीतल्या शेवटच्या गोट्याकडं बोट दाखवून काहीतरी विचारलं. हा कोणाचा, म्हणून. भाऊंनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. म्हातारी बोळक्या तोंडानं इतकी हसली की भाऊही हसले.

तो गोटा ओळीत कायम असायचा. काळा, लांबट, नदीनं घासून गुळगुळीत केलेला, चांगल्या मोठ्या वरवंट्याएवढा. उचलायला दोन हात लागत. इतका जड कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, कोणी थट्टेनं मागंपुढं करायला नको. करायचे ते स्वतःच. त्यांचा नंबर जवळ आला की कोणीतरी यायचं. परीक्षेला जाणारा पोरगा, सासरी अडकलेली पोरगी, ज्याचा बाप गेला असा कोणी. कंट्रोलरभाऊ वाकायचे, गोटा पोटाशी धरून उचलायचे आणि ओळीच्या शेवटी नेऊन ठेवायचे. गाव म्हणायचं, काय माणूस आहे, देव आहे. मीही म्हणायची.

एकदा झडीचा पाऊस होता. हेलिकॉप्टर येणार नव्हतं तरी ते शेडमध्ये बसून होते. मी लसींचा डबा घेऊन अडकले होते. वेळ जावा म्हणून मी सहज विचारलं, “भाऊ, तुम्हाला जायचंय तरी कुठं?”

त्यांनी पलीकडच्या एका गावाचं नाव घेतलं. “माही पोरगी हाये तिथी.”

मग सगळं निघालं. बायको लवकर गेली. पोरीला त्यांनीच वाढवलं, म्हणजे बसस्टँडवरच वाढवलं. ती वेळापत्रकाच्या फळ्याखाली पोत्यावर झोपायची आणि संध्याकाळी ड्यूटी संपली की खाऱ्या फल्लीदाण्यांची, म्हणजे शेंगदाण्यांची, पुडी खात बापाचं बोट धरून घरी जायची. शिकली, आश्रमशाळेत मास्तरीण झाली आणि तिथल्याच एका माडिया मास्तरशी लग्न ठरवून आली. पोरगा निर्व्यसनी, कमावता. पण जात आडवी आली. जात आडवी येते तेव्हा शहाणा माणूसही काय बोलेल याचा नेम नसतो.

“म्हनलं मी तिले,” कंट्रोलरभाऊ समोरच्या पावसाकडं बघत सांगत होते, “तुह्या गावाले मी येनार नाई. पायी नाई, डोंग्यानं नाई, गाडीनं नाई. तिच्या मायच्या फोटोवर हात ठेवून म्हनलं.”

पायी, होडीनं, गाडीनं, तिन्ही वाटा त्यांनी स्वतःच बंद करून घेतल्या होत्या. लग्नानंतर ती एकदा लेकराला घेऊन चामोर्शीला आली होती. त्यांनी दार उघडलं नाही. ती ओट्यावर उन्हात बसली आणि जाताना दाराशी तोंड नेऊन म्हणाली, आता तुम्ही आल्याशिवाय मी यायची नाही. बापाचीच लेक. बाप दाराच्या आत उभा होता, त्यानं शब्द न् शब्द ऐकला. रिटायर झाल्यावर चामोर्शीचं घर त्यांना खायला उठलं. मग तिच्या गावाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जवळ ते येऊन राहिले. नदीच्या या काठापर्यंत.

“पर बाई,” ते एकदम माझ्याकडं वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लबाड पोराचं हसू होतं. “इमानाचं नाव नाई घेतलं तवा. तवा इकडे इमान येतच नव्हतं न. आता तुमी शिकलेल्या हा, सांगा. इमान गाडी हाये का?”

मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं, ते खरंच विचारत होते. “नाही भाऊ,” मी म्हटलं, “विमान म्हणजे गाडी नाही.”

“तेच सांगून राह्यलो मी सगळ्याइले.”

मी त्यांच्याशी पुष्कळ भांडले आहे. मेलेल्या बायकोच्या फोटोला काय कळतं, तिला विचारलं असतं तर तिनं लाटणं हाणलं असतं, असंही बोलले. त्यावर ते म्हणाले, “तेच त हाये. विचाराले ती नाई.” फोटोवर घेतलेली आन मोडायची तर जिच्या नावानं घेतली तिला विचारून मोडायला पाहिजे, आणि ती तर आता उत्तर देत नाही, असा त्यांचा हिशोब. उन्हाळ्यात नदी घोट्याएवढी असायची. नदीच्या वाळूत उभं राहून ते पलीकडून येणाऱ्या लोकांना पोरीची खबर विचारायचे, पण पाणी लागलं की थांबायचे. तिकडं मोबाईलला रेंज नव्हती. असती तरी हा माणूस काय बोलला असता कोण जाणे.

मी कामासाठी पलीकडं जायला लागले तेव्हा आणखी एक गोष्ट मला कळली. त्या गावच्या माळावर हेलिकॉप्टर उतरलं की एक बाई मोहाच्या झाडाखाली उभी असायची. पुढं यायची नाही. कोण कोण उतरतं ते बघायची, सगळे उतरले की पदर सावरून शाळेकडं चालू लागायची. नाक थेट बापाचं. मी परत येऊन भाऊंना सांगितलं. त्यांनी शिट्टीचा गोफ बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. “दरखेपी येते?” मी हो म्हटलं. “पावसात बी?” मी म्हटलं, पावसातही.

पोळा झाल्यावरची गोष्ट. आभाळ धुतल्यासारखं उघडलं होतं. मला लसीकरणाला नेमकं त्याच गावी जायचं होतं आणि दुसऱ्या दिवशी परतीची फेरी पक्की होती. पायलट साहेबांना आता सगळी कथा माहीत झाली होती, सगळ्या गावालाच झाली होती. ते खाली उतरून म्हणाले, कंट्रोलर साहब, आज एक जागा रिकामी आहे, चला. ओळीत पहिला गोटा भाऊंचाच होता. त्याच्या मागं एक तुंबा, त्याच गावच्या एका माडिया म्हाताऱ्याचा. त्याचं चंद्रपूरला डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यावर हिरवी पट्टी होती, आणि तो आरामात शेडमध्ये बसून तंबाखू मळत होता. त्याला घाई नव्हती. आज नाही तर उद्या.

कंट्रोलरभाऊ घरी पळाले. पळाले म्हणजे खरंच पळाले. परत आले तेव्हा अंगात पेटीतली खाकी होती. त्यांच्या दोन खाकी होत्या, एक रोजची आणि एक पेटीतली, डांबरगोळ्यांच्या वासाची, कडक इस्त्रीची. ती फक्त झेंडावंदनाला निघायची. दाढी घाईत केली होती, हनुवटीवर कापलं होतं. हातात खाऱ्या फल्लीदाण्यांची पुडी. ते माझ्या शेजारी बसले. मी त्यांचा पट्टा लावून दिला. म्हटलं, “लघवी करून आले का?” जवान हसले. भाऊ हसले नाहीत. पुडी मांडीवर धरून समोर बघत होते.

पायलट साहेब चढायच्या बेतात होते. तेवढ्यात कंट्रोलरभाऊंनी पट्टा सोडला आणि खाली उतरले. शेडमध्ये गेले, त्या म्हाताऱ्याला दंडाला धरून घेऊन आले, आपल्या जागेवर बसवलं आणि त्याच्या पोटावरून पट्टा ओढून लावला.

“भाऊ, काय करताय?”

“नंबर त्याचा व्हता.”

“तुमचा गोटा पुढं होता.”

“नाई बाई. तुमी नीट नाई पाह्यलं.”

मी बघितलं होतं. सगळ्यांनी बघितलं होतं. जन्मभर नंबरानं माणसं सोडणारा हा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा नंबराबद्दल खोटं बोलला. त्यांनी पुडी माझ्या हातात कोंबली, “तिले द्या” म्हणाले, दोरीच्या मागं गेले आणि शिट्टी वाजवली. वरून मी बघितलं तर मैदानात ते एकटेच उभे होते, पेटीतल्या खाकीत, हात आडवा धरून.

पलीकडं ती मोहाखाली होतीच. आधी मी उतरले, मग म्हातारा, मग औषधांची खोकी. ती रिकाम्या दाराकडं बघत राहिली. या खेपेला मीच तिच्यापर्यंत चालत गेले आणि पुडी दिली. सगळं खरं सांगितलं, बसले होते आणि उतरले. तिनं पुडी उघडली नाही, नुसती दाबून बघितली.

“खाकी कोनती घातली व्हती? पेटीतली का?”

“हो. पेटीतली.”

“मंग येनार व्हते,” ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, “मंग येनारच व्हते.” आणि पुडी दोन्ही हातांत धरून शाळेकडं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी परत आले तेव्हा कंट्रोलरभाऊंनी मला शेडपर्यंतही चालू दिलं नाही. पुडी घेतली का? घेतली. खाल्ली का? माझ्यासमोर नाही. बारीक झाली का जाड? मी रागातच होते. म्हटलं, तुमच्यासारखीच आहे, हट्टी. त्यावर त्यांची छाती फुगली. असा राग आला मला! मी विचारलं, का उतरलात? खरं सांगा.

त्यांनी तंबाखूला चुना लावला. मग म्हणाले, “जिंदगीभर लोकाइले गाडीत बसवून देल्लं बाई. मी सोडनारा मानूस. सवारी तिकडे उतरते कशी, उतरल्यावर पह्यला शब्द काय बोलते, हे मले मालूमच नाई.”

पुढच्या पावसाळ्यात जाईन म्हणाले. पुढच्या पावसाळ्यात त्यांचा गोटा तसाच ओळीच्या शेवटी होता. आता कोणासाठी तो मागं नेला की लोक पूर्वीसारखं देव म्हणत नव्हते, खाली बघत होते. मी त्यांना पुन्हा टोकलं नाही. कधीकधी वाटतं, एवढ्या मोठ्या जंगलात या दोन माणसांमध्ये खरं तर काहीच नव्हतं. नदी होती, पण ती आठ महिने आटलेली. बाकी सगळं त्यांनीच आणून ठेवलेलं.

मग पूल झाला. कितीतरी वर्षं खांबच उभे होते, ते एकदाचे जोडले गेले. पुलाचं सगळ्यांना कौतुक, मलाही. आता अडलेल्या बाईला आभाळ उघडायची वाट बघायला नको. हेलिकॉप्टर यायचं बंद झालं, शेडचे तट्टे लोकांनी कुंपणाला नेले, रिंगणातला चुना पावसानं धुऊन गेला. गोट्यांच्या ओळीतले गोटे ज्याचे त्यानं उचलले किंवा पोरांनी नदीत फेकले. एक तेवढा राहिला.

पलीकडं जाणारी पहिली लाल गाडी निघाली तेव्हा सगळं गाव जमलं होतं. ड्रायव्हर-कंडक्टर चामोर्शीचे, भाऊंच्या हाताखाली तयार झालेले. कंडक्टरनं खिडकीजवळच्या चांगल्या जागेवर आपला रुमाल टाकून ठेवला होता. म्हणाला, “कंट्रोलरभाऊ, तुमची जागा धरून ठेवली. बसा.” पेटीतली खाकी घालून आले होते ते. मला वाटलं, बसतात. पायरीपाशी गेले, गाडीच्या पत्र्यावर हात फिरवला, ढोराच्या पाठीवर फिरवावा तसा.

“गाडीनं नाई म्हनलं व्हतं मी,” ते म्हणाले. मागं सरकले आणि शिट्टी वाजवली.

गाडी पूल ओलांडून गेली. इतक्या वर्षांत पलीकडचा रस्ता सगळ्यांसाठी उघडला आणि त्यांची एकुलती एक वाट त्याच दिवशी बंद झाली. त्यानंतर ते मैदानात जाऊन बसत, काही न पुकारता. ढोरं रिंगणाच्या जागेत चरायची, त्यांना हाकलायचेही नाहीत.

त्या थंडीत त्यांची छाती भरली. मी इंजेक्शनं दिली, दवाखान्यात हलवायला जीप बोलावली. जीप यायला उशीर होता. मी म्हटलं, भाऊ, दुपारच्या गाडीनं पोरीला निरोप देते, संध्याकाळपर्यंत येईल. त्यांनी मान हलवली. “ती नाई म्हनली व्हती न. तिले नोका बोलावू. नंबर माहा हाये. मीच जाईन.” मग विचारलं, गाडी वेळेवर गेली का? मी सांगितलं, गेली. जीप आली तोवर ते गेले होते.

दुसऱ्या सकाळच्या गाडीनं ती आली. नवरा होता, लेकरू होतं. रडली नाही. घरात गेली, पेटी उघडली, बापाच्या अंगावर पेटीतली खाकी चढवली. अग्नी तिनंच दिला. बाप आल्याशिवाय येणार नाही म्हणालेली पोर अशी आली, आणि मला त्या दिवशी दोघांचाही इतका राग आला की मी स्मशानातून घरी येऊन भांडी आपटत बसले.

तेराव्यानंतर ती परत निघाली. मलाही त्याच गाडीनं पलीकडं लसीला जायचं होतं. गाडी पुलाच्या तोंडाशी उभी होती आणि ती मैदानाकडून येत होती. डोक्यावर रोजच्या खाकीची चुंबळ, चुंबळीवर तो काळा गोटा, एक हात त्याला लावलेला. तिच्या नवऱ्यानं मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, गावातल्या जाणत्यांना विचारलंय, आमच्या माणसांच्या दगडांजवळ सासऱ्यांचा दगड उभा करायला ते हो म्हणालेत. जित्या माणसाचा दगड ठेवायचा नसतो म्हणून भाऊंच्या गोट्याला हसणारी ती म्हातारी मला आठवली.

नवरा आणि लेकरू गाडीत चढले. पहिल्या दिवशीच्या त्याच कंडक्टरनं तिच्यासाठी दार धरून ठेवलं. ती थांबली नाही.

“गाडीनं नाई म्हनलं व्हतं बाबांनं,” ती म्हणाली.

ती आन कंडक्टरलाही माहीत होती, सगळ्या मुलखालाच होती. तो हळूच म्हणाला, “पायी बी नाई म्हनलं व्हतं न ताई.”

“पायी त मी जाऊन राह्यली. बाबा कुठी चालून राह्यले?”

आणि ती पुलावर चढली. पूल अरुंद. ती मधोमध चालत होती, मान ताठ, पावलं बेतानं टाकत, आणि खालून नदी आटून वाळूवाळू झालेली. गाडी तिच्या मागं आली. ड्रायव्हरनं कंडक्टरकडं बघितलं, बाजूनं काढू का म्हणून विचारलं. त्याचा हात हॉर्नवर होता.

कंडक्टर दारात उभा होता. गळ्यातली शिट्टी त्यानं मुठीत धरली होती.

“राहू दे,” तो म्हणाला. “नंबर त्यायचा हाये.”

ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढला, आणि गाडी तशीच पहिल्या गिअरवर, पुलाच्या शेवटापर्यंत तिच्या मागं मागं गेली.